समुद्रसशाचा घास

—नाही नाही, त्या टोपलीला हात लावू नका बाई, ती कालवं उद्याच्या बाजाराची आहेत. तुमचे ससे ते बघा, दाराशी, निळ्या बादलीत. सावकाश उचला, नाहीतर अंगावर जांभळं पाणी सोडतील, आणि तो डाग जात नाही, खुशाल घासत बसा—पांढरा कोट घालून येता कशाला इथं? ही कालवांची खोप आहे, तुमची प्रयोगशाळा नाही. बसा. बसा हो, त्या खोक्यावर बसा, फळीवर नको, फळी ओली आहे. तुमच्या संशोधन केंद्रात तुमची वाट बघतंय कोण, हे ससेच ना? मग ते तर इथंच आहेत. मी सुरी चालवत बोलते, रिकाम्या हातानं बोलणं मला जमत नाही—ही कालवं बघा कशी एकमेकांना चिकटून वाढतात, वेळेवर सुटी केली नाहीत तर वाकडीतिकडी होतात, मग कुत्रंही विचारत नाही.

मागच्या खेपेला तुम्ही मला दाखवलं होतं ना, ते मला पुन्हा ऐकायचंय. नाही, थांबा, मीच सांगते, चुकलं तर बोला. मी चार इयत्ता शिकले, पण डोकं जाग्यावर आहे. तर—नस आणि स्नायू एकमेकांना जोडलेले नसतात. मला आपलं वाटायचं, नस म्हणजे दोरी, ओढली की हात हलला. तसं नाही. मध्ये फट असते. नस फटीपर्यंत येते आणि तिथं काहीतरी सोडते, रसायन, थेंबाहून लहान, आणि पलीकडे स्नायू ते झेलतो, मग आखडतो. बरोबर? म्हणजे असं बघा, आबे—आमचा माणूस होडीत उभा आहे आणि मी धक्क्यावर, मध्ये पाणी. त्यानं टोपली फेकायची, मी झेलायची. झेलली तर काम झालं. हसू नका, मला असंच कळतं. आणि तुम्ही या बिनशंखाच्या गोगलगाईवर हे बघता, कारण तिच्या नसा जाड असतात, डोळ्यांना दिसतात. दोन कान असल्यासारखे दिसतात म्हणून आम्ही तिला ससा म्हणतो, आणि जाळ्यात आली की शिव्या देतो. माझी आई तर लाथ मारायची.

पण मला आठवतंय ते पुढचं. तुम्ही त्या सशाला शेवाळाची पट्टी दिली होती. पहिला घास त्यानं कसा घेतला? मरगळल्यासारखा. तोंड उघडलं काय, मिटलं काय, पट्टी निसटली. दुसरा जरा बरा. आणि मग सुटलाच की तो—चार-सहा घासांनंतर असा ओढत होता जसा कुणी हिसकावून घेणार आहे त्याच्याकडून. मी म्हटलं, याला जेवताना भूक लागते वाटतं. तर तुम्ही म्हणालात, तसंच आहे. नस नुसतं एकच रसायन सोडत नाही, खायला लागलं की बाकीचीही सुटतात, ती एकटी स्नायूला हलवत नाहीत, पण पहिल्याचा जोर वाढवतात. म्हणून घास चढत जातो. खरं ना? मी तेव्हा बादली घेऊन आले घरी, पण ते डोक्यातून जाईना. भांडी घासताना तेच. चर्चमध्ये तेच. पाद्री काय बोलला विचाराल तर सांगता येणार नाही.

आता मला एवढंच सांगा—उलटं होतं का? सशाचं नव्हे, माणसाचं. पहिला घास जोरात, दुसरा ठीक, आणि मग उतरत, उतरत, उतरत—एक माणूस आहे माझ्या माहितीतला. इथलाच, बंदरातला. नाव कशाला हवं तुम्हाला? तुम्ही काय पोलीस आहात? सूप पितो, काही नाही. पाव तोडतो, चावतो, काही नाही. मटण आलं की चावणं सावकाश होतं. आणि चीज येईपर्यंत हनुवटीखाली हात—असा—जणू काही मोठा विचार करतोय. पहिल्यांदा आमचे शेजारी हसले, म्हणाले, हा बघा, म्हातारपणी तत्त्वज्ञ झाला! अहो, विचार कसला, जबडा धरून ठेवलाय त्यानं! हातानं जबडा वर ढकलतो आणि घास चावतो. जबडा मिटत नाही त्याचा. आणि पापण्या. सकाळी माझ्यातुमच्यासारख्या, दुपारनंतर डावी खाली, मग उजवी. आवाजही तसाच. सकाळी होडीवरून शिवी हासडली तर पलीकडच्या काठावरचे बगळे उडतात, आणि संध्याकाळी नाकातून, पाण्याखालून बोलल्यासारखा, शब्द एकमेकांत मिसळलेले. दोन-दोन दिसतात म्हणतो. दोन खांब, दोन होड्या. मी म्हटलं, दोन बायका दिसत असतील तर त्यातली बरी कोण ते सांग.

दारू? हे बघा, तुम्हीही तेच. सगळे तेच म्हणतात. पितो, आमच्यात कोण पीत नाही, जेवताना पेला असतो, तुम्ही पॅरिसची माणसं पाणी पीत असाल. पण प्यायलेला माणूस मला कळतो, माझा बाप प्यायचा, दोन्ही भाऊ पितात. हा प्यायलेला नसतो. आता गेल्या रविवारचंच बघा—सूप संपलं, वाटीच्या तळाशी थोडं राहिलं, त्यात लाल वाईन ओतायची, ढवळायची आणि वाटी तोंडाला लावायची, तुम्हाला माहीत आहे, इथं सगळे करतात, त्याशिवाय सूप झालं असं कुणी म्हणत नाही. त्यानंही केलं. वाटी उचलली, घोट घेतला, आणि वाईन नाकातून बाहेर आली. दोन्ही नाकपुड्यांतून, लाल, मिशीवर, टेबलक्लॉथवर. मी हसले. मला वाटलं, काहीतरी चाळा करतोय, लहान असताना करायचा तसा. आणि मग डोळे बघितले. आबेल हसत नव्हता—

हो. आबेल. माझा नवरा. झालं? मिळालं नाव? आता बसा खाली, उठू नका. पुन्हा सुरी हातात घेऊ द्या मला.

मग काय होणार? मी तोंड पुसलं, तो खुर्चीतच पडला तासभर, उठला आणि थंड झालेलं मटण सगळं खाल्लं! हाताचा टेकू न देता! हेच तर कळत नाही मला. पडून राहिला की बरा. कामाला लागला की गेला. आळशी म्हणाल तर आबेलसारखा राबणारा या बंदरात नाही. सगळी कौलं, चुना लावलेली, समुद्रातल्या कालवांच्या शेतात रचायची आणि त्यांवर लहान कालवं धरली की उचलून आणायची, त्याचा बाप दोन गडी घ्यायचा त्याला, हा एकटा करायचा. आता चार कौलं उचलतो आणि पाचव्याला हात वर जात नाही, आणि गुडघाभर चिखलात उभा राहतो, कौलाकडे बघत.

डॉक्टरकडे? गेलो ना. दोनदा गेलो. डॉक्टर पेलिसिये, चर्चच्या मागचे, चांगला माणूस आहे, माझी दोन्ही बाळंतपणं त्यानंच केली. म्हणाले, बोट दाब. आबेलनं असं दाबलं की डॉक्टर ओरडले. डोळ्यांत बत्ती घातली, गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला. म्हणाले, ह्युगेत, तुझा नवरा बैल आहे, बैल, फक्त बाटलीपासून लांब ठेव त्याला. दुसऱ्यांदा तेच. सकाळी गेलो, हसत बसला होता आबेल खुर्चीत, पापण्या नीट, आवाज खणखणीत—मलाच लाज वाटली, म्हटलं, मी काय स्वप्न बघते की काय?

कधी गेलो म्हणजे? सांगितलं ना, सकाळी. कुठल्या दिवशी ते मला काय आठवतंय, भांगाचे दिवस होते. भांग, अहो—अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नाही का ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि शेतं उघडी पडतात, तेव्हा आम्ही सगळे चिखलात. आणि मधले दिवस म्हणजे भांग, पाणी धड ओसरतही नाही, धड चढतही नाही, शेतं बुडालेलीच राहतात, तेव्हा काम नाही. तेव्हा केस कापायचे, दात दाखवायचे, डॉक्टरकडे जायचं. सगळं बंदर तेव्हाच जातं, त्या दिवसांत पेलिसियेच्या बाकावर बसायला जागा नसते. उधाणात डॉक्टरकडे कोण जातं? शेत उघडं पडलंय आणि माझा नवरा दवाखान्यात पाय हलवत बसलाय? असं कुणी करत नाही. आबेलच्या बापाचं बोट तुटलं उधाणात, तर चिंधी बांधून—

थांबा.

म्हणजे भांग सुरू झाला की आबेल दोन-तीन दिवस नुसता पडून असतो. खातो, झोपतो, मांजराशी बोलतो. आणि मग मी त्याला अंघोळ घालून, दाढी करून घेऊन जाते. म्हणजे पेलिसियेनं आबेलला कधी बघितलंच नाही. जो बघितला तो दुसराच कुणीतरी. तसंच ना? अशी मान हलवू नका, तोंडानं बोला. तसंच. अरे देवा. चिखलातून उचलून तसाच न्यायला हवा होता त्याला, बूट न काढता. वर्ष होत आलं. दोन्ही वेळा मी त्याला धुऊन-पुसून नेला आणि डॉक्टर त्याला बैल म्हणाले.

वाईनचं? वाईनचं डॉक्टरला कुणी सांगितलं म्हणजे? लोकांनी. लाबातनं, शेजारच्या शेतवाल्यानं, आणखी कुणी. अख्ख्या बंदराला माहीत आहे. अहो पण—वास येत होता म्हणून. आबेलच्या अंगाला वास येतो. कॉलरला.

काय बघताय? मीच लावते. हो, मीच. फडक्यावर दोन थेंब, कॉलरला, मिशीला, सकाळी होडीत चढायच्या आधी, संध्याकाळी दुकानात जाताना. आणि दवाखान्यात नेतानाही, कारण बाकावर सगळं बंदर बसलेलं असतं, सांगितलं ना आत्ता! तिथं लाबातची बायको बसलेली, तिची आई बसलेली, त्यांच्यासमोर आबेल ठेचकाळला तर? मग डॉक्टरलाही तोच वास येणार, येऊ दे, मला वाटलं, डॉक्टर माणूस आहे, त्याला वासापलीकडचं कळेल.

का म्हणजे? तुम्हाला कळत नाही? तुम्ही इथल्या नाही ना, म्हणून. शेतं आमची नाहीत. समुद्र कुणाचा असतो का? सरकारी कचेरीतून नावावर मिळतात, आणि ज्याच्या नावावर त्यानं राबायचं, समुद्रावर जायला धडधाकट असल्याचा दाखला द्यायचा. आबेलच्या आज्यानं दगड उचलून साफ केलेली जागा आहे ती. आणि शेजारचं शेत लाबातचं. तो रोज येऊन विचारतो, आबेल कसा आहे गं ह्युगेत, दमलेला दिसतो, एवढी शेतं त्याला झेपत नसतील. दात दाखवून विचारतो. आता तुम्ही सांगा—आजारी आहे म्हटलं की झालं, कचेरीतला माणूस येणार, आबेलला हात वर करायला लावणार, आणि आमचे हद्दीचे खांब उपटून तिथं लाबातचे. पण दारुडा? दारुड्याला इथं कुणी काही करत नाही. अर्धं बंदर दारुडं आहे. दारुड्याला शिव्या देतात, पाठीवर थाप मारतात, चिखलातून ओढून घरी सोडतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर कामाला जातात. दारुड्याची जागा दारुड्याचीच राहते. मग मी दारुडा केला त्याला. लाज? कसली लाज? माझ्या मुलींना शाळेत बोलतात, मी ऐकून घेते, मुलींनाही सांगितलंय, ऐकून घ्या. मी काही चुकीचं केलेलं नाही. दुसरं काय करायचं होतं मी? सांगा ना. तुम्ही शिकलेल्या आहात, सांगा.

आबेल? त्याला माहीत आहे की. मी फडकं घेते, तो मान वर करून उभा राहतो, चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनचा प्रसाद घ्यायला पोरं उभी राहतात तसा. एकदाच बोलला, या उन्हाळ्यात. म्हणाला, ह्युगेत, खरंच प्यायलेला असतो तर बरं झालं असतं गं, उतरली तरी असती.

नाही, रडत नाही मी. खाऱ्या पाण्यानं डोळे झोंबतात.

तर विचारायचं होतं ते एवढंच. तुमच्या त्या सशाच्या जोर वाढवणाऱ्या रसायनासारखं काही माणसासाठी असतं का, बाटलीत, दुकानात मिळेल असं? मी कुणाला सांगणार नाही. त्याचा जबडा धरला तरी पुरे मला. बाकी मी करीन, कौलं मी उचलीन, मला सवय आहे. असतं? तसलं नाही, पण असतं? म्हणजे काय, नीट सांगा—नस सोडतेय, टोपली फेकतेय, पण धक्क्यावर झेलणारे हातच कमी झालेत? कुणी कमी केले? स्वतःच्याच रक्तानं? हे काय भलतंच. मग पहिल्या काही टोपल्या झेलल्या जातात, आणि नंतर फेकणारा दमतो, कमी कमी फेकतो, झेलणारे आधीच थोडे, मग सगळ्या पाण्यात. आणि पडून राहिलं की पुन्हा टोपल्या भरतात. हो. हो, हो, हेच. हेच आहे. अगदी हेच. आणि औषध टोपल्या पाण्यात लवकर विरघळू देत नाही, म्हणजे उरलेल्या हातांनाही सापडतात. आणि हे आहे? आत्ता आहे? किती वर्षांपासून? माझ्या लग्नाच्याही आधीपासून! आणि पेलिसिये मला म्हणतो बाटलीपासून लांब ठेव! नाही, त्याचंही काय, मीच तर... राहू दे.

बरं, मग तुम्ही मला चिठ्ठी द्या, पुढच्या भांगाला आम्ही जाऊ बोर्दोला, मोठ्या हॉस्पिटलात, न धुता नेते, शपथ. का, पुढच्या भांगाला का नको? अजून तीन दिवस उधाण आहे, शेतात—

झोपतो कसा? काय संबंध? झोपतो... या उधाणात खुर्चीतच झोपतो. आडवा झाला की दम लागतो म्हणतो, म्हणून. उशा लावल्या, तरी नाही. हो, ठसका लागतो. पाण्याचाही लागतो. काल बोलता बोलता मध्येच थांबत होता, चार शब्द, मग श्वास, मग चार शब्द, मला वाटलं चिडलाय माझ्यावर—तुम्ही उठलात का? का उठलात? असं तोंड का झालंय तुमचं?

छातीचाही स्नायूच असतो?

तिथंही फटच. तिथंही तेच, टोपली आणि हात.

आणि मी त्याला सकाळी पाठवला. दम लागतोय म्हणाला, मी म्हटलं जा, लाबात बघतोय. नाही, नाही, आहे, येतोय, ती बघा होडी, पाणी आत यायला लागलंय, तोच आहे, हिरवी पट्टी. जिवंत आहे. सुकाणूवर बसलाय बघा कसा, मान मागे टाकून. लोक म्हणतात, आबेलला आजकाल गर्व झालाय, नाक आकाशात. पापण्यांखालून बघतो हो तो, मान मागे टाकली तरच त्याला धक्का दिसतो. एवढा मागे मात्र कधी नव्हता. तोंड उघडं आहे का? मला नीट दिसत नाही, तुमचे डोळे तरुण आहेत, तोंड उघडं आहे का त्याचं?

धक्क्याला लागला. चढेल आता. हा हात, दुसरा हात—चढ ना. आबेल, चढ. थांबलाय. शिडीवर डोकं टेकून थांबलाय. आणि तो कोण, लाबातच, त्याला बरोबर ही वेळ सापडते—ऐका, ऐका काय ओरडतोय: काय रे आबेल, आज वाईनच्या पिंपातच पोहून आलास वाटतं! हसतायत सगळे. जाळी विणणाऱ्या त्या दोघीही हसतायत. रोज मीही हसते त्यांच्याबरोबर. रोज म्हणते, आणा वर माझ्या दारुड्याला.

सोड पोरी, दार सोड, मला जाऊ दे.

ए लाबात! तोंड मिट! मिट म्हणते ना! माझा नवरा प्यालेला नाही! थेंब प्यालेला नाही! आजारी आहे तो, ऐकलंस? आजारी! वर्षभर आजारी आहे, आणि वास मी लावत होते, मी! सांग जा कचेरीत, शेतं तुझी, खांब तुझे, उद्या ने उपटून! पण आत्ता खाली उतर, पाण्यात उतर बूट घालून, आणि त्याला काखेतून धर, त्याचे हात सुटतायत, बघतोस काय, धर त्याला! धरलंस? सोडू नकोस. आडवा करू नको, बसवून ठेव, बसवून!

आणि पोरी, पांढरा कोट घालून तू काय उभी राहिलीस सशांची बादली धरून? ठेव ती खाली. तुझी गाडी काढ.